डाव्या रांगेतला चौथा

१

शनिवारी दुपारी बारा वाजता आमच्या घोडेशाळेत खेळ असतो. गेली सव्वीस वर्षं मी तो बघत आलोय आणि दारावर मला कुणी तिकीट विचारलेलं नाही. विचारणार कोण? आत जेवढे घोडे नाचतात त्यांच्या पाठीवरचं एकूण एक खोगीर माझ्या हातचं. मी एउसेबियो. चामडं कापतो, शिवतो आणि लोकांना तोंडावर बोलतो, म्हणून गावात मला मित्र कमी आणि गिऱ्हाइकं जास्त.

घोडेशाळा म्हणजे पूर्वीचं वाइनचं कोठार. पिंपं गेली, वास राहिला. मध्ये वाळूचं लांबट रिंगण, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, वर एक अरुंद सज्जा. एका टोकाला मोठा दरवाजा. तो उघडला की समोर थेट द्राक्षमळे. किनाऱ्याकडून बस भरून पाहुणे येतात, उन्हाने लालबुंद झालेले, हातात पंखे. त्यांना वाटतं की घोडे गिटारच्या तालावर नाचतात. खरं तर उलट आहे. आमचा गिटारवाला घोड्यांच्या पायांकडे बघून वाजवतो.

कार्यक्रम ठरलेला. आधी जुन्या पद्धतीची स्वारी: घोडा जागच्या जागी पावलं टाकतो, तिरका चालतो, मागच्या पायांवर बसून पुढचे पाय उचलतो आणि वरचा स्वार मात्र घरच्या खुर्चीत बसल्यासारखा स्वस्थ. मग हसवाहसवी. गार्बान्सो नावाचा आमचा विदूषक खेचरावर बसून येतो. खेचराचं नाव दोन्या पेपा, म्हणजे पेपाबाईसाहेब. ती रिंगणाच्या मधोमध फतकल मारते, गार्बान्सो तिच्यापुढे गुडघे टेकून माफी मागतो आणि ती त्याची टोपी खाते. पोरंबाळं खूश, म्हातारे त्याहून खूश. आणि सगळ्यात शेवटी आठांचा नाच.

त्यात चार-चार घोड्यांच्या दोन रांगा असतात. त्या समोरासमोरून येतात आणि मध्यभागी एक घोडा इकडचा, एक तिकडचा अशा एकमेकींतून पार होतात. डाव्या रांगेतल्या चौथ्याचं काम सगळ्यात अवघड, कारण त्याच्यामागे गार्बान्सो लागतो. पुढचा जे करील त्याची खेचरावर बसून हुबेहूब नक्कल करायची, हे गार्बान्सोचं कसब. चौथ्याने पाठ ताठ केली की हा ताठ करतो, चौथ्याने हनुवटी उचलली की हा उचलतो, आणि लोकांची हसून पुरेवाट होते. चौथ्याने मात्र हसायचं नाही आणि मागे वळून बघायचंही नाही.

नऊ वर्षं डाव्या रांगेतला चौथा माझा मुलगा होता. दामियान.

२

घोड्यावरून तो कधी पडला नाही. मोटारसायकलवरून पडला, मार्चमधल्या एका मंगळवारी, घरापासून दोन वळणं अलीकडे. एकोणतीस वर्षांचा होता.

आमच्या घोडेशाळेत स्वार वारला की त्याची जागा वर्षभर भरत नाहीत. नाचायला सातच जण उतरतात आणि आठव्यापुरती जागा मोकळी सोडतात. त्याच्या घोड्याला फिरवतात, धुतात, पण खेळात त्याच्यावर कुणी बसत नाही. वर्ष भरलं की रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी त्या घोड्यावर गेलेल्याचं खोगीर चढवायचं, एकट्याने त्याला रिंगणात एक फेरी द्यायची, मोठ्या दरवाज्यातून बाहेर न्यायचं, बाहेर मळ्याच्या वाटेवर खोगीर उतरवायचं आणि दरवाजा लावून घ्यायचा. घोडा उघड्या पाठीने बाजूच्या दाराने परत येतो. मग त्याच्यावर दुसरा कुणी बसायला मोकळा. याला आम्ही वाटेला लावणं म्हणतो. का आणि कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या बापानेही विचारलं नव्हतं.

दफन झालं आणि पुढच्या शनिवारी मी टोपी घातली.

"कुठे निघालास?" तोमासाने, माझ्या बायकोने विचारलं.

"खेळाला."

"तिथे काय बघणार आहेस? मोकळी जागा?"

"हो," मी म्हटलं. "तेवढीच राहिलीय."

गार्बान्सो दारातच भेटला. तोंडाला अर्धा रंग लावलेला, अर्धा राहिलेला. "एउसेबियो, तू सांग. तू नको म्हणालास तर आज मी शेवटच्या नाचात येत नाही."

"ये की. त्याला आवडायचं."

तो आला. डाव्या रांगेत तीन घोडे, मग एका घोड्याएवढी नुसती हवा, आणि तिच्यामागे दोन्या पेपा. गार्बान्सोने दामियानची नक्कल केली. उजवा खांदा किंचित उतरता, कोपरं अंगाशी, लगाम हातात नसल्यासारखा सैल. माझा पोरगा असाच बसायचा. पाहुणे हसले, त्यांना काय माहीत. मी दुसऱ्या रांगेत बसून रडलो आणि मला फार बरं वाटलं. त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. उजव्या रांगेच्या शेवटी आमचे मुख्य गुरू डॉन अन्सेल्मो असतात, त्यांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या घोड्यावर. रांगा पार होताना चौथ्याला वाट द्यायला त्यांना एक ठोका थांबावं लागतं. ते थांबले. ते थांबणारच, नाच तसाच बसवलेला. पण त्यांच्या घोड्याने तोंड बाजूला केलं. दुसऱ्या घोड्याची शेपटी नाकासमोरून जाते तेव्हा घोडे करतात तसं.

सवय, मी स्वतःला सांगितलं. नऊ वर्षं ज्याच्या नाकावर एकच शेपटी फिरली, तो आणखी काय करणार? घोडा हा सवयीचा प्राणी आहे. माणसाचंही तेच.

३

जानेवारीत गार्बान्सो मान वळवायला लागला.

दामियान कधी बाकांकडे बघत नसे. कुणीच बघत नाही. नजर घोड्याच्या कानांमधून समोर ठेवायची, हा पहिला धडा. पण त्या शनिवारी मी बसलो होतो त्या दुसऱ्या रांगेसमोरून जाताना गार्बान्सोने डावीकडे मान केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. लोक हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, हा आता माझ्या दुःखावर टाळ्या घेतोय.

पुढच्या शनिवारी मी कुणालाही न सांगता वर सज्ज्यात गेलो आणि खांबामागे उभा राहिलो. तिथून रिंगण दिसतं, रिंगणातून तुम्ही दिसत नाही. शिवाय गार्बान्सो रिंगणात चष्मा घालत नाही. चष्म्याशिवाय त्याला आपलं खेचर ओळखायला हात लावावा लागतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गिटार सुरू झाली. सात घोडे आले. वरून वाळूवरच्या टापा वेगळ्या ऐकू येतात, जरा मागून आल्यासारख्या. मी मोजायला गेलो आणि दोनदा माझी मोजणी चुकली. आवाज घुमतो कोठारात, छत उंच आहे. मी मोजणं सोडून दिलं.

गार्बान्सो दुसऱ्या रांगेशी आला आणि त्याची मान माझ्या रिकाम्या जागेकडे वळली. तिथे थांबली. मग बाजूच्या माणसावर गेली. मग त्याच्या पलीकडच्यावर. एकेक बाक, एकेक तोंड. पुढच्या फेरीत समोरची बाजू. एखादा माणूस बसस्थानकावर घरच्यांना शोधतो तसा तो शोधत होता आणि बाकांवर हशा पिकला होता. तिसऱ्या फेरीत त्याची मान हळूहळू वर झाली. पहिला खांब, दुसरा खांब, मग माझा.

तिथे ती थांबली. त्याचे खांदे सैल पडले, हनुवटी खाली आली. सापडलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो ना, अगदी तसं.

मी खांबाचा चुना नखाने खरवडत उभा राहिलो. लोक गेले, रिंगणावर पाणी मारून झालं, तरी मी खाली उतरलो नव्हतो.

४

गार्बान्सोला मी महामार्गावरच्या खानावळीत गाठलं. तो कोपऱ्यात बसला होता, पुढ्यात पालक-हरभऱ्याची ताटली, तशीच गार पडलेली. त्याचं खरं नाव फेर्मीन. रंग धुतला की तो पोस्टातल्या कारकुनासारखा दिसतो.

"तुला लाज वाटत नाही?" मी उभ्यानेच म्हटलं.

"बस, एउसेबियो."

"बसत नाही. माझ्याकडे बघून चाळे करतोस? बापाकडे बघून?"

"तू सज्ज्यात होतास ना?" तो म्हणाला. "मला नंतर झाडूवाल्या कार्मेलाने सांगितलं. तोवर मला माहीत नव्हतं."

"मग वर कशाला बघितलंस?"

त्याने चमचा खाली ठेवला. "एकोणतीस वर्षं मी हे करतोय. मला विनोद सुचत नाहीत. खरंच सांगतो, मला काही सुचत नाही. घरी बायकोला गोष्ट सांगायला गेलो तरी ती झोपते. मला एकच येतं. समोरचा करतो ते करायचं. डोकं बाजूला ठेवायचं आणि पाठीने करायचं."

"समोर कुणी नाही, फेर्मीन."

"तेच तर मीही स्वतःला सांगतो. पहिले काही महिने मी आठवणीने करत होतो. तो कसा बसायचा, ते मला पाठ होतं. नोव्हेंबरात कधीतरी आठवायची गरज पडेनाशी झाली." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तो वळून बघतो ते मी आठवून कसं करीन? जिवंतपणी त्याने ते कधी केलं होतं?"

मी खुर्ची ओढून बसलो. मालकाने न मागता माझ्यापुढे वाइन ठेवली.

"कसा दिसतो?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"दिसत नाही रे. दिसला असता तर मी पळालो असतो. मला फक्त कळतं, आता मान वळणार. आता खांदा. तुझ्यासमोर आलं की तो घोडा जरा आवरतो, वेळ काढतो. एउसेबियो, मार्चमध्ये त्याला नीट वाटेला लाव. मी तुझ्या पाया पडतो. माझ्याने हे आणखी होणार नाही."

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या मनात भीती नव्हती. माझा मुलगा मला शोधतो, एवढंच मी घरी घेऊन गेलो. पुढच्या शनिवारी मी परत दुसऱ्या रांगेत बसलो, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून.

५

दामियाननंतर चौथी जागा कुणाला, हे डॉन अन्सेल्मोंनी फेब्रुवारीत सांगितलं. अंपारोला. माझी धाकटी, बावीस वर्षांची, सहा वर्षांची असल्यापासून तबेल्यात वाढलेली. भावाहून बुटकी, भावाहून तापट, आणि हात भावाहून हलका, असं डॉन अन्सेल्मो म्हणतात. ते सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

मी तिच्यासाठी नवं खोगीर शिवायला घेतलं. ती दुकानात येऊन माझ्या डोक्यावर उभी राहायची.

"पापा, तू शिवतोयस की झोपलायस?"

"घाई असेल तर खेचरावर बस. दोन्या पेपाला खोगीर लागत नाही."

"तिथे फेर्मीनकाका आहेत. एका खेचरावर दोन विदूषक कशाला?" मग म्हणाली, "मी त्याची जागा घेतेय असं म्हणतात सगळे. मी माझी घेतेय. तू तरी तसं म्हणू नकोस."

"मी काय म्हटलं?"

"काही म्हणत नाहीस, तेच."

तोमासाला मी खानावळीतलं सगळं सांगितलं होतं. ती त्यावर हसलीही नाही आणि घाबरलीही नाही. मार्चमध्ये वर्ष भरलं, आणि वाटेला लावायच्या आदल्या संध्याकाळी तिने बटाटे सोलता सोलता विषय काढला.

"उद्या सकाळी नीट कर, एउसेबियो. दरवाज्याच्या बाहेर. आत नाही."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे, पण तू करशील का ते मला माहीत नाही. प्रत्येक शनिवारी तू नवरदेवासारखा नटून जातोस, ते मी बघते." तिने सुरी खाली ठेवली. "त्याच्यासाठी मी तुझ्याइतकीच रडले. पण उद्या दुपारी त्या जागेत अंपारो जाणार आहे. दोन होती मला. एक राहिलीय. ती मला संध्याकाळी घरी हवी."

"येईल की."

"मीही येणार आहे उद्या," ती म्हणाली. वर्षभरात ती एकदाही आली नव्हती.

६

सकाळी नऊला मी एकटा आत गेलो. उंच खिडक्यांतून ऊन वाळूवर पडलं होतं. घोड्याचं नाव हिल्गेरो, बदामी रंगाचा, शांत. मी त्याच्यावर दामियानचं खोगीर चढवलं आणि तंग आवळला. तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा. तो मी कसा आवळतो हे मला विचारू नका, माझा हात या कामात चुकत नाही. पट्टा आणि पोट यांत एक बोट कसंबसं जाईल इतका.

फेरी सुरू केली. मी पुढे, हातात लगाम, घोडा मागे. माझ्या बुटांचा आवाज, त्याच्या टापांचा आवाज. चामडं कुरकुरत होतं. नव्याने आवळलेलं चामडं कुरकुरतंच, पण ते एकदा कुरकुरून थांबतं. हे प्रत्येक पावलाला कुरकुरत होतं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. खोगिरात माणूस डोलतो तेव्हा असा आवाज येतो. मी मागे बघितलं नाही. म्हटलं, घोडा वर्षभर नाचला नाही, पाठ सैल पडलीय त्याची.

दरवाज्याशी पोचलो. मी दोन्ही फळ्या उघडल्या. मळ्याची वाट समोर होती, वेलींना अजून पानं नव्हती. बाहेर पाऊल टाकलं आणि हिल्गेरो उंबऱ्यावर थांबला. ओढला तरी हलेना. मी त्याच्या बाजूला गेलो आणि सवयीने तंगाखाली हात घातला.

पूर्ण पंजा आत गेला.

हे का होतं ते मी तुम्हाला सांगतो, कारण यात गूढ काही नाही, कुठल्याही पागेत जा आणि विचारा. रिकाम्या खोगिराचा तंग कितीही आवळा, वर माणूस बसला की त्याच्या वजनाने खोगीर खाली दबतं आणि तंग ढिला पडतो. म्हणून स्वार बसल्यावर आम्ही तो पुन्हा आवळतो. दुसरं कारण असतं, घोडा पोट फुगवून ठेवतो आणि मग सोडतो. हिल्गेरोला ती खोड नाही. त्याला मी शिंगरू असल्यापासून ओळखतो.

मी तिथे हात तसाच ठेवून उभा राहिलो. वर बघायची माझी छाती झाली नाही. मला आता फक्त बाहेर दोन पावलं जायचं होतं, बक्कल सोडायचं होतं, खोगीर उतरवायचं होतं. तोमासाचं बोलणं आठवत होतं, फेर्मीनचं आठवत होतं. आणि माझ्या कपाळाजवळ, खोगिराच्या पुढच्या कडेशी, कुणीतरी वाकून बघतंय असं वाटत होतं.

"नको ना जायला?" मी विचारलं.

घोड्याने कान मागे केले, वरच्या स्वाराने काही म्हटलं की करतो तसे.

मी तंग दोन भोकं वर आवळून घेतला, घोडा वळवला आणि दरवाजा आतून लावला. खोगीर तबेल्यात उतरवलं. बाहेर डॉन अन्सेल्मो टोपी हातात घेऊन उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"देव त्याला शांती देवो. तुम्ही धीराचे आहात."

हिल्गेरोवर मी माझ्याच हाताने नवं खोगीर चढवलं.

७

त्या दुपारी कोठार गच्च भरलं होतं. तोमासा माझ्या शेजारी बसली, काळ्या पोशाखात, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"सोडून आलास ना त्याला?"

"हो."

"दरवाज्याबाहेर?"

"सांगितलं ना, हो."

तिने माझा हात धरला. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, मी तिच्याशी याआधी खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण अशा बाबतीत कधी नाही.

जुनी स्वारी झाली. दोन्या पेपाने टोपी खाल्ली. मग दिवे जरा मंद झाले, गिटार लागली आणि आठ घोडे आले. डाव्या रांगेत शेवटी अंपारो, वेणी पाठीवर, हनुवटी वर. किती छान बसली होती. तोमासा पुटपुटली, "माझं बाळ ते," आणि तिने डोळे पुसले.

तिच्यामागे गार्बान्सो आला. त्याने खोटी वेणी लावली होती, दोरखंडाची. अंपारोने मान ताठ केली की हा वेणी झटकायचा. पोरं खिदळत होती. मलाही हसू आलं. मी मनात म्हटलं, झालं, काही नाही, माझ्याच डोक्यातलं होतं सगळं. आणि तसं म्हटल्यावर मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतःच चमकलो.

दुसऱ्या फेरीत गार्बान्सो खेचरावर मागे सरकला.

आधी मला वाटलं, घसरला. पण तो व्यवस्थित मागे सरकून बसला होता, पुढे एका माणसाची जागा सोडून. मग त्याने दोन्ही हात पुढे नेले, कुणाच्या तरी कमरेभोवतून, आणि पुढच्याच्या हातांवरून लगाम धरावा तशा मुठी केल्या. त्याचा उजवा खांदा किंचित उतरला. हनुवटी खाली आली आणि हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर, टेकली.

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या.

"हा काय करतोय?" तोमासा म्हणाली. तिचा हात माझ्या हातात गार पडला. "एउसेबियो, हा काय करतोय?"

गार्बान्सोच्या तोंडावर रंगाचं हसू होतं. त्याखाली तो रडत होता. मला ते दिसलं, कारण गालांवरचा पांढरा रंग ओघळला होता.

आमच्या रिंगणात एक नियम आहे. कुणाला काही वावगं दिसलं, घोड्याचा पट्टा तुटला, काहीही, तर बाकावरच्या कुणीही हात वर करायचा. हात दिसला की गिटार थांबते आणि घोडे जागच्या जागी उभे राहतात. सव्वीस वर्षांत मी सहा वेळा हात वर केलाय.

"हात वर कर," तोमासा म्हणाली. "थांबव त्यांना."

रांगा मध्यभागी आल्या. डॉन अन्सेल्मोंचा घोडा थांबला, अंपारो त्याच्यासमोरून गेली, घोड्याने तोंड बाजूला केलं. गार्बान्सो खेचरावर हळूहळू पुढे सरकत होता. एक वीत. आणखी एक वीत. त्याच्या हातांमधली जागा कमी होत गेली, आणि शेवटच्या फेरीला तो खेचराच्या पाठीवर नेहमीच्या जागी, एकटा बसला होता. वेणी तशीच लोंबत होती. ती झटकायची त्याला आठवण राहिली नाही.

तोमासा स्वतः उठायला गेली. मी तिचं मनगट धरून ठेवलं. हे मी मुद्दाम केलं. बाकीचं मी कुणाला कसंही समजावीन, एवढं नाही समजावता येणार.

अंपारो आमच्यासमोर आली. तिने डावीकडे मान केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि घोडा जरा आवरला, वेळ काढला. तिचे खांदे सैल पडले.

माझा हात खालीच राहिला.

८

तबेल्यात फेर्मीन उलट्या बादलीवर बसून रंग पुसत होता. पुसून पुसून कातडी लाल झाली होती.

"शेवटच्या फेरीत मी एकाचीच नक्कल केली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"मला विचारू नकोस. तू समोर होतास." त्याने चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि उठून निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

हिल्गेरो आपल्या कप्प्याशी उभा होता. ती अजून वरच बसली होती. घोडा घामाने भिजला होता, ती मात्र कोरडी होती आणि तिचा चेहरा शांत होता, दमून आलेल्या माणसाला घरी आल्यावर वाटतं तसा. मी जवळ गेलो.

"छान झालं," मी म्हटलं.

"रिकिबी आखूड आहेत, पापा." आवाज अंपारोचाच होता. "गुडघे दुखून आले. तीन भोकं खाली घे."

त्या रिकिबी, स्वाराने पाय ठेवायच्या पट्ट्यांच्या कड्या, मी गुरुवारी तिला दुकानात लाकडी घोड्यावर बसवून मापल्या होत्या. दोनदा. माझा हात या कामात चुकत नाही.

मी खाली वाकलो. एक बाजू सोडली, तीन भोकं. मग दुसरी. तिचे पाय लांब झाले नव्हते, ते मला दिसत होतं. बुटाचं टोक रिकिबीपर्यंत पोचत नव्हतं, हवेत लोंबत होतं. तरी वरून एक समाधानाचा श्वास आला आणि पट्टे एकदम ताणले गेले, दोन्हीकडचे, पूर्ण वजनाने.

मला आनंद झाला. एवढा आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. मी त्या घोड्याच्या ओल्या अंगाला कपाळ टेकलं आणि रडलो.

"अंपारो," दारातून तोमासाने हाक मारली.

फक्त हिल्गेरोने कान टवकारले.

"अंपारो, खाली उतर. घरी चल."

तिने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी पट्ट्यांची उरलेली टोकं आत खोचत होतो. सावकाश, एकेक, नीट बसतील अशी. माझ्या केसांवर वरून एक हात आला आणि मी मान वर केली नाही.